पंखा नसलेली डबी

माझी आई सरकारी नर्स होती. तिची बहुतेक नोकरी दर्यापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर गेली. ती निवृत्त झाल्यावर आम्ही दोघी अकोल्यात दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. सामान फारसं नव्हतं, पण आईच्या मागोमाग तिच्या सगळ्या बाया आल्या. म्हणजे त्या आपापल्या गावीच होत्या, त्यांचे फोन आले.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. सकाळी पेपर उघडायला नको वाटायचं. आईनं ज्यांची बाळंतपणं केली होती, ज्यांच्या पोरांना लशी टोचल्या होत्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणी आता एकट्या घर चालवत होत्या. निराधारांच्या योजनेचा अर्ज कुठे द्यायचा, पोराला फिट येते तर डॉक्टर कोणत्या वारी बसतात, दाखल्यावर नाव चुकलं तर काय करायचं, असं त्या विचारत. पुष्कळदा काहीच विचारत नसत, नुसतं बोलत. फोनमध्ये बॅलन्स नसे, म्हणून मिस कॉल देत. आई जेवताजेवता उठायची, चष्मा शोधायची, नंबर कागदावर उतरवायची, आणि तोवर दुसरा मिस कॉल यायचा.

मी तेव्हा अकोल्यातल्या एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. क्लासनं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला, त्याला सिमकार्ड घालायचा मोडेम जोडला आणि महिनाभर डोकं खाजवून एक व्यवस्था उभी केली. मिस कॉल आला की मशीन नंबर टिपून घेई आणि स्वतःच उलटा फोन लावी. आई जवळ असली तर कानाला हेडफोन लावून बोलायची. नसली तर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज माहिती सांगायचा, आणि बाईला काही बोलून ठेवायचं असेल तर ते मशीनमध्ये साठवलं जायचं. मी त्याला ऐटीत सर्व्हर म्हणायचे. आई म्हणायची मशीन.

तिचंच बरोबर होतं. तो डबा कापूस वेचणीच्या दिवसांतल्या ट्रकसारखा घरघरायचा. पुढच्या खोलीत आईच्या पलंगाशेजारी त्याला जागा दिली होती, कारण दुसऱ्या खोलीत स्वयंपाक होता. लाइन गेली की तो इन्व्हर्टरची बॅटरी तासा-दीड तासात पिऊन टाकायचा. मग इन्व्हर्टर ओरडायला लागायचा आणि आई उठून सगळंच बंद करायची. आमच्याकडे तेव्हा रोजचं भारनियमन होतं. गावांत तर लाइन केव्हा येते हेच लोक मोजायचे. पण चालत होतं, आणि मी खूश होते.

दर्यापूरच्या पुढच्या एका खेड्यातली एक बाई दर मंगळवारी फोन करायची. नवरा गेल्यावर ती शिवणकामावर घर चालवत होती. आईशी तिचं खूप जुनं होतं. तिची तिन्ही लेकरं आईच्या हातावर जन्मली होती. एका मंगळवारी तिचा मिस कॉल आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. आईनं उलटा फोन लावला, तर उचलून लगेच ठेवला गेला. तिसऱ्या मंगळवारी आईनं सकाळीच लुगड्याला पिन लावली.

"चाल," मला म्हणाली, "जाऊन पाहू."

एसटीनं दर्यापूरला आणि तिथून काळ्या-पिवळ्या जीपनं, पंधरा माणसांत दोन कोंबड्या मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजोबांच्या शेजारी, आम्ही त्या गावी गेलो. वाटभर आईला काय वाटत होतं ते मला माहीत होतं, आणि मला काय वाटत होतं ते तिला. त्या वर्षांत फोन बंद झाला की माणसाच्या मनात एकच गोष्ट यायची.

बाई दारातच पायानं मशीन मारत ब्लाउज शिवत बसली होती. आम्हाला पाहून तिच्या हातातलं कापड गळालं.

"बाई! तुमी कश्या काय आल्या?"

आई ओट्यावर मटकन बसली. आधी पाणी प्याली. मग म्हणाली, "तू फोन करनं काहून सोडलं वो?"

बाई ओशाळली. पुष्कळ आढेवेढे घेऊन तिनं सांगितलं. "रागावू नोका. तुमच्याकडून लय घर्रघर्र येते. मले वाटे तुमी गिरणीत बसून बोलून राहिल्या. दोनदा मी मनातलं बोलले, अन् तुमी म्हणल्या, काय म्हणलं वो, जोरात सांग. थे जोरात कसं सांगू बाई? घरात सासू हाये, भिंतीपलीकडे दीर हाये. मंग मीच ठेवून देल्ला."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार. मी सर्व्हर सर्व्हर म्हणून मिरवत होते, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांना तो गिरणी वाटत होता. जी गोष्ट फक्त हळूच बोलता येते ती बोलायला त्या बायांना दुसरी जागा नव्हती, आणि मी त्या जागेत पंखा लावून ठेवला होता.

परत येताना जीपमध्ये आई एवढंच म्हणाली, "मशीन बदल. मुकं पाहिजे."

दुसऱ्याच रविवारी मी अमरावती गाठली. तिथल्या एका मोठ्या दुकानात विचारलं, "घरी चोवीस तास चालेल असा सर्व्हर हवाय. आवाज नको." दुकानदारानं मला गुडघ्याएवढी काळी पेटी दाखवली. पुढे निळे दिवे, आत चार पंखे. "सर्व्हर घ्यायचा तर सर्व्हरसारखा घ्या, मॅडम," तो म्हणाला. दुकानात कूलर धडधडत होता, त्यामुळे पेटीचा आवाज मला आलाच नाही. खरं सांगायचं तर मी भाळले होते. मी मुलांना शिकवायचे तेव्हाही जास्त ताकदीचं ते जास्त चांगलं असंच शिकवायचे. पण ही पेटी किती वीज खाते, असं विचारल्यावर त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला आमचा इन्व्हर्टर आठवला. शेवटी त्याच्याकडून मी हाताच्या पंजाएवढा एक छोटा बोर्ड घेतला. कमी विजेवर चालायचा, वर अंगठ्याएवढा पंखा. तो घेऊन बडनेऱ्याहून रेल्वेनं घरी आले.

घरी चालू केला. आईनं हेडफोन लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि काढून ठेवला.

"पहिलेचं ट्रकसारखं होतं. हे डासासारखं हाये. डास जास्त तरास देते."

मग तिनंच सांगितलं, "चाचाकडे जा."

चाचा म्हणजे जुन्या शहरात पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधणारे आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ. त्यांच्या धाकट्या मुलीचं अवघड बाळंतपण आईनं केलं होतं, तेव्हापासून ते आईला सिस्टर म्हणत आणि तिच्याकडून कुठल्याच कामाचं काही घेत नसत. त्यांचं दुकान म्हणजे टिनाची एक खोली होती. मी त्यांना सगळं सांगितलं: मोडेम, उलटे फोन, शिवणाऱ्या बाईचं बोलणं. ते मान खाली घालून एका मोटारीला तार गुंडाळत ऐकत होते. मला वाटलं, त्यांना कळत नाहीये.

तार संपल्यावर ते म्हणाले, "बेटा, तू मशीन काहून पाहून राहिली? काम पाह्य ना. त्याले काम काय हाये? नंबर लिहायचा, फोन लावायचा, आवाज ठेवायचा. गणितं सोडवायची हायेत का?"

"नाही."

"पिक्चर दाखवायचा हाये?"

"नाही चाचा. पडदासुद्धा लागत नाही."

"मंग हत्ती काहून बांधतं?"

उठून त्यांनी मागच्या कोपऱ्यातल्या पोत्यातून एक करड्या रंगाची डबी काढली. जाड पुस्तकाएवढी. एका बँकेच्या भंगारातून त्यांनी तांबं आणि अ‍ॅडॉप्टर मिळतील म्हणून अशा पोतंभर डब्या आणल्या होत्या. मी ओळखली. काउंटरच्या टेबलाखाली असतात त्या. खरं काम दुसरीकडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतं, ही डबी ते नुसतं कारकुनापुढे आणते. तिला पंखाच नसतो. आत फिरणारी हार्डडिस्कही नसते, म्हणजे कुरकुर करायलाच काही नाही. सगळं एका छोट्या कार्डावर मावतं. मी आयुष्यभर तिला कॉम्प्युटरमध्ये धरलंच नव्हतं.

"ही फार कमजोर आहे चाचा," मी म्हणाले.

"कमजोर नाही. सबूरवाली हाये. पण असं नाही घ्यायचं. परीक्षा घेऊ."

मे महिना होता. चाचांच्या टिनाखाली दुपारी बारा ते चार उभं राहणं माणसाला शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी तेच परीक्षेचं ठिकाण ठरवलं. "माह्या टिनाखाली मे महिन्यात जे टिकलं थे कुठंबी टिकते," ते म्हणाले. टेबलावर तिघांना मांडलं: माझा अमरावतीचा छोटा बोर्ड, क्लासमधल्या एका शिक्षकाकडून मागून आणलेला जुना लॅपटॉप आणि बँकेची डबी. लॅपटॉपवर माझी मोठी आशा होती, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते. आम्ही समोरच्या कडुनिंबाखाली ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो आणि दर अर्ध्या तासानं आत जाऊन पाहत राहिलो.

दोनच्या आत डबी बंद पडली. मला तिचं वाईट वाटलं, आणि माझंच खरं ठरलं म्हणून थोडं बरंही वाटलं. लॅपटॉपचा पंखा दमेकऱ्यासारखा चालला होता. तीन वाजता तोही आपोआप विझला. छोटा बोर्ड टिकला, पण त्याचा डास आता रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"झालं," मी म्हणाले. "डासच घेऊ."

चाचांनी डबी फडक्यात धरून थंड होऊ दिली, मग उघडली. आत बँकेची काही वर्षांची धूळ होती, वाळलेल्या पिठासारखी घट्ट. उष्णता बाहेर टाकायचा ॲल्युमिनियमचा ठोकळा त्या धुळीत बुजला होता. त्यांनी ब्रशनं ती काढली, ठोकळ्याखालचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला आणि डबी परत बंद केली. मग तिला आडवी न ठेवता उभी केली.

"याले पंखा नाही म्हणजे हवाच पंखा हाये," ते म्हणाले. "गरम हवा वर जाते. आडवी झोपवली तं कुठून जाईन? बँकवाल्यांनी टेबलाले चिपकवून ठेवली होती बिचारीले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा ते चार. उभी डबी चारही तास चालली. हात लावला तर चांगलीच तापली होती, पण मी दिलेल्या प्रत्येक मिस कॉलला ती उलटा फोन लावत होती. साडेचारला कडुनिंबाखाली मी एकटीच टाळ्या वाजवल्या. समोरच्या पंक्चरवाल्यानं वळून पाहिलं.

शेवटचा निकाल मात्र चाचांनी माझ्या हातात ठेवला नाही. "ज्याचा कान दुखला त्याले विचार," म्हणाले. म्हणून चाचांना घेऊन घरी आले आणि तिथून त्या शिवणाऱ्या बाईला फोन लावला. आई तिच्याशी बोलत बसली आणि मी तिघांना आळीपाळीनं चालू केलं. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, म्हणून आम्हालाही ऐकू येत होतं.

"आता कसं येते वो?" आईनं विचारलं. लॅपटॉप चालू होता.

"कोनीतरी झोपेत घोरून राहिलं."

"आता?" हा छोटा बोर्ड.

"शिट्टी वाजते बारीक. कानात जाते."

मी डबी चालू केली. "आता?"

पलीकडून काहीच आलं नाही. मग बाई घाबरून म्हणाली, "बाई? हाये का तुमी? फोन कटला काय?"

"नाही वो, मी हाव इथंच."

"मंग मशीन बंद केली काय?"

"चालू हाये."

मग ती अगदी हळू, सासूला ऐकू जाऊ नये असं बोलली, "मंग हेच घ्या. आता तुमी बाजूले बसल्यावानी वाटते." आणि लागलीच, आमची परीक्षा चालू आहे हे विसरून, ती आईला काहीतरी सांगायला लागली. आईनं मला हातानं खूण केली. मी आवाज बंद करून, हेडफोन तिच्या कानाला लावून बाहेर आले. चाचाही चपला घालून बाहेर आले. त्या दोघी पाऊण तास बोलत होत्या. काय, ते आईनं मला कधी सांगितलं नाही.

विजेचं काम उरलं होतं. डबी बारा व्होल्टवर चालायची आणि इन्व्हर्टरची बॅटरीही बाराच व्होल्टची. मी अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या पिनेत खोचला होता. चाचांनी तो काढला. "बॅटरीचं बाराचं दोनशे तीस करायचं, अन् अ‍ॅडॉप्टरनं त्याचं पुन्हा बारा करायचं! म्हणजे अकोल्याहून मूर्तिजापूरले जाचं तं नागपूर फिरून येनं झालं." बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज वर चढतं आणि उतरताना पडतं, तेवढं सांभाळणारी एक छोटी पट्टी त्यांनी स्वतः जोडून दिली आणि डबी सरळ बॅटरीवर लावली. आता ती एका ट्यूबलाइटच्या निम्म्याहून कमी वीज खात होती. लाइन सकाळी गेली आणि संध्याकाळी आली, तरी तिला पत्ता नसायचा.

पावसाळा आला, सोयाबीन कापणीला आलं, आणि एका दुपारी मी क्लासमधून घरी आले तर आई हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसलेली. ती बुद्धविहारात गेली असताना एका अनोळखी बाईनं निरोप ठेवला होता. आईनं हेडफोन मला दिला. आवाज इतका बारीक होता, की आधी मला श्वासच ऐकू आला. मग, "बाई, मले आता काई होत नाही माह्याच्यानं. पोरीले मायच्या घरी धाडलं." पुन्हा श्वास. शेवटी, ठेवता ठेवता, एका गावाचं नाव. बस्स.

उलटा फोन कोणी उचलेना. आईनं क्षणभर विचार केला आणि शिवणाऱ्या बाईला फोन लावला. ते गाव तिच्या गावाहून दोन कोसांवर होतं. तिनं "कोन हाये, काय हाये" असं काही विचारलं नाही. "निंगाले," म्हणाली. दुपारच्या जीपनं ती आणि तिची नणंद त्या गावी गेल्या, निरोपाचा नंबर कुणाचा ते किराणा दुकानात विचारलं आणि घर शोधून काढलं.

इकडे आम्ही दोघी त्या डबीसमोर बसून होतो. आईनं चहा केला आणि तो तसाच राहिला. दोन तासांनी फोन आला.

"सापडली," शिवणाऱ्या बाईचा आवाज होता. "चुलीपुढे बसून होती. दोन दिसाची जेवली नाही. आता खिचडी टाकली मी. माह्या घरी घेऊन जातो तिले."

आई खूप वेळ "हो, हो" एवढंच म्हणत राहिली. फोन ठेवून तिनं पदरानं डोळे पुसले, आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

तो निरोप जुन्या मशीनवर आला असता तर काय झालं असतं, हे मी पुढे एकदाच करून पाहिलं. जुना कॉम्प्युटर चालू करून त्याच्या शेजारी तोच निरोप लावला. गावाचं नाव ऐकूच आलं नाही. मी तो कॉम्प्युटर त्याच आठवड्यात भंगारात दिला.

निरोप ठेवणारी ती मुलगी, कारण ती मुलगीच होती, पंचविशीही गाठली नव्हती तिनं, शिवणाऱ्या बाईकडे आठ दिवस म्हणून राहिली आणि पुढे तिथेच शिवण शिकली. लेकीला माहेराहून घेऊन आली. दहावीपर्यंत शिकलेली होती, अक्षर सुंदर होतं. दिवाळीनंतर शिवणाऱ्या बाईबरोबर ती अकोल्याला आली तेव्हा तिनं डबीभोवती दोनदा फिरून पाहिलं. "मी याच्याशी बोलले होते?" तिनं आईला विचारलं.

"नाही वो. माह्याशी," आई म्हणाली.

जाताना मुलीनं विचारलं, दर्यापूरकडच्या बायांसाठी अशी एक तिकडे बसवता येईल का. ती बसेल समोर. शिवता शिवता ऐकेल. चाचांच्या पोत्यात डब्या होत्याच.

दुसरी डबी बसवायला आम्ही तिघं शिवणाऱ्या बाईच्या घरी गेलो. चाचा जीपमध्ये बॅटरी मांडीवर घेऊन बसले होते आणि कोणालाही ती खाली ठेवू देत नव्हते. शिवणाच्या मशीनमागच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर वर, त्यांनी डबी उभी ठोकली. मी सिमकार्ड घातलं, नंबर गावागावांत कळवला. सासूबाईंनी आम्हाला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. सासूबाईंना ऐकायला कमी येतं असं त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं, आणि शिवणारी बाई पदर तोंडाला लावून हसली.

चार वाजता पहिला मिस कॉल आला. मुलीनं हेडफोन लावला. पलीकडच्या बाईला डोळ्यांचे डॉक्टर केव्हा बसतात ते हवं होतं. मुलीनं वहीत पाहून वार सांगितला, वेळ सांगितली, सोबत काय आणायचं ते सांगितलं. मग आम्ही समजलो की झालं, पण तिनं हेडफोन काढला नाही. ती गप्प ऐकत होती. तिनं हातातली सुई कापडात खोचून ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आईनं आम्हाला डोळ्यांनीच बाहेर चला म्हटलं. आम्ही अंगणात येऊन बाजेवर बसलो. चाचांनी तंबाखू मळायला घेतली, आईनं त्या छोट्या लेकीची वेणी सोडून पुन्हा घातली. फाट्यावरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या जीपचा हॉर्न आला, दोनदा आला, आणि मग ती निघून गेली. आमच्यापैकी कोणी उठलं नाही.